शिक्षेचें माप कोणाच्या हातीं?

न्यायालयांत एखादा खटला चालतो तेव्हां बहुतेकांचें लक्ष एकाच प्रश्नाकडे लागलेलें असतें : आरोपी दोषी कीं निर्दोष? तो निर्णय झाला कीं जमाव पांगतो, आणि वर्तमानपत्रें मथळा छापून मोकळीं होतात. परंतु ज्याच्यावर गुन्हा शाबीत झाला त्याच्या दृष्टीनें खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो. त्यास तुरुंगांत किती वर्षें काढावीं लागणार? पांच कीं तीस? हा आंकडा कोण ठरवितो, कशाच्या आधारें ठरवितो, आणि ठरविणाऱ्यावर कोणाचा अंकुश असतो, ह्याचा विचार सामान्य वाचक क्वचितच करतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ता. १२ जानेवारी २००५ रोजीं नेमक्या ह्याच प्रश्नावर एक निकाल दिला. 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध बुकर' ह्या नांवानें तो प्रसिद्ध आहे. त्याचें मर्म आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सोप्या रीतीनें समजावून द्यावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

विषय नीट उमजावा म्हणून प्रथम एक घरगुती दृष्टान्त घेऊं. एका शाळेंतील दोन वर्गांतला एकेक मुलगा शाळा चुकवून नदीवर पोहावयास गेला. पहिल्या वर्गाच्या मास्तरांनीं आपल्या मुलास चार शब्द सुनावून सोडून दिलें; दुसऱ्या वर्गाच्या मास्तरांनीं आपल्या मुलास आठ दिवस मैदानावर येण्याची बंदी केली. दुसरा मुलगा साहजिकच विचारील, 'अपराध एकच, मग शिक्षा दोन कां?' ही तक्रार खोटी म्हणतां येणार नाहीं. आतां समजा, ती ऐकून मुख्याध्यापकांनीं नियम केला कीं, जो जो शाळा चुकवील त्यास आठ दिवस मैदानाची बंदी, मग कारण कांहींही असो. पुढल्याच आठवड्यांत दोघे विद्यार्थी गैरहजर राहिले. एक पोहावयास गेला होता. दुसरा तापानें फणफणलेल्या आईच्या उशाशीं बसला होता. दोघांसही सारखीच शिक्षा झाली. आतां तक्रार उलट दिशेनें येते : 'प्रसंग दोन, मग शिक्षा एक कां?' हीही तक्रार खोटी नाहीं. सारख्यांस सारखें वागवावें हा न्यायाचा एक पाय, आणि भिन्नांस त्यांच्या भिन्नतेप्रमाणें वागवावें हा दुसरा पाय. अमेरिकेंतील शिक्षेच्या कायद्याचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास म्हणजे हे दोन्ही पाय एकाच वेळीं जमिनीवर टेकविण्याची धडपड होय.

अमेरिकेंत प्रत्येक राज्याचीं स्वतःचीं न्यायालयें आहेत, आणि त्यांखेरीज मध्यवर्ती सरकारच्या कायद्यांखालील गुन्ह्यांकरितां संघीय न्यायालयें आहेत. आपणांस येथें मुख्यत्वें ह्या दुसऱ्या प्रकाराशीं कर्तव्य आहे. १९८४ सालापूर्वीं संघीय कायदा बहुधा एवढेंच सांगे कीं, अमुक गुन्ह्यास फार तर अमुक वर्षें कारावास. त्या मर्यादेच्या आंत न्यायाधीश जवळजवळ सर्वस्वीं स्वतंत्र असे, आणि वरिष्ठ न्यायालयें शिक्षेच्या आंकड्यांत सहसा हात घालीत नसत. शिवाय न्यायाधीशानें सांगितलेली मुदत कैदी पुरी भोगीलच असेंही नसे. कैदी सुधारला असें वाटल्यास पॅरोलचें मंडळ त्यास मुदतीपूर्वीं सोडीत असे. ह्या पद्धतीच्या मुळाशीं एक उदार कल्पना होती : गुन्हेगार हा रोगी, तुरुंग हें रुग्णालय, आणि रोगी बरा झाला म्हणजे त्यास घरीं पाठवावें.

परंतु ह्या उदारतेची दुसरी बाजू हळूहळू उघडी पडूं लागली. न्यूयॉर्क येथील संघीय न्यायाधीश मार्विन फ्रँकेल ह्यांनीं १९७३ सालीं एक छोटेखानी पुस्तक लिहून असें प्रतिपादन केलें कीं, शिक्षेच्या बाबतींत आपल्या देशांत कायद्याचें राज्य असें नाहींच. जो तो न्यायाधीश आपापल्या स्वभावाप्रमाणें वागतो. पुढल्याच वर्षीं ह्या विधानाची जणूं परीक्षाच झाली. न्यूयॉर्क, कनेक्टिकट व व्हर्माँट हीं राज्यें ज्या न्यायविभागांत येतात तेथील ५० न्यायाधीशांपुढें तींच २० प्रकरणें कागदावर मांडण्यांत आलीं, आणि प्रत्येकास विचारण्यांत आलें कीं, आपण काय शिक्षा कराल? धमकी देऊन पैसे उकळल्याच्या एका प्रकरणांत एका न्यायाधीशानें २० वर्षें कारावास व ६५,००० डॉलर दंड सांगितला. दुसऱ्यानें त्याच कागदांवरून ३ वर्षें कारावास सांगितला, आणि दंड मुळींच नाहीं! म्हणजे आरोपीच्या आयुष्यांतील सतरा वर्षें त्याच्या कृत्यावर नव्हे, तर त्याचें प्रकरण कोणत्या दालनांत जाऊन पडलें ह्यावर अवलंबून होतीं.

ह्यावर उपाय म्हणून अमेरिकेच्या कायदेमंडळानें १९८४ सालीं शिक्षासुधारणेचा कायदा केला. त्या कायद्यानें मताधिकार असलेल्या सात सभासदांचा एक शिक्षा-आयोग निर्माण झाला. आयोगानें तयार केलेले मार्गदर्शक नियम १ नोव्हेंबर १९८७ पासून अमलांत आले. त्या दिवसापासून पुढें घडणाऱ्या संघीय गुन्ह्यांपुरता पॅरोलही बंद झाला. चांगल्या वर्तणुकीबद्दल वर्षाकांठीं फार तर ५४ दिवसांची सूट मिळे. बाकीची मुदत भोगलीच पाहिजे.

ह्या नियमांचा गाभा म्हणजे एक मोठें कोष्टक. त्याच्या डाव्या बाजूस गुन्ह्याच्या गांभीर्याच्या ४३ पायऱ्या, आणि वरच्या बाजूस गुन्हेगाराच्या पूर्वेतिहासाचे ६ वर्ग. पायरी व वर्ग जेथें एकमेकांस भेटतात त्या घरांत महिन्यांचे दोन आंकडे असतात : कमींत कमी व जास्तींत जास्त. अशीं एकंदर २५८ घरें. एक उदाहरण घेऊन पाहूं. दरोड्याच्या गुन्ह्याची मूळ पायरी २०. बँक लुटली असेल तर २ पायऱ्या वर. पिस्तूल रोखून दाखविलें असेल तर आणखी ५. झाल्या २७. आरोपीनें वेळींच अपराध पत्करला तर ३ पायऱ्या उतरतात, राहिल्या २४. त्याच्या नांवावर पूर्वींचा गुन्हा नसल्यास पहिल्या वर्गाच्या घरांत ५१ ते ६३ महिने सांपडतात. तोच मनुष्य पूर्वींचा अट्टल गुन्हेगार असला, तर त्याच पायरीवर सहाव्या वर्गाच्या घरांत १०० ते १२५ महिने. अंकगणिताच्या तासाला शोभेल असा हा हिशेब आहे, आणि त्याचा फायदाही उघड आहे. ह्या देशाच्या पूर्व किनाऱ्यावरील न्यायाधीशास व पश्चिम किनाऱ्यावरील न्यायाधीशास तेंच उत्तर यावें, ही त्यामागील अपेक्षा.

हे नियम नांवानें मार्गदर्शक असले तरी वस्तुतः बंधनकारक होते. अगदीं अपवादात्मक प्रसंगावांचून न्यायाधीशास घराबाहेर जातां येत नसे. पुष्कळ न्यायाधीशांस हें जाचक वाटलें. समोर उभ्या असलेल्या माणसाकडे न पाहतां आपण केवळ बेरीज-वजाबाकी करीत आहोंत, असें ते म्हणूं लागले. आयोगाच्या अस्तित्वासच आव्हान देण्यांत आलें. पण १९८९ सालीं 'मिस्ट्रेटा' खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें आठ विरुद्ध एक मतानें आयोग घटनेस धरून आहे असा निर्णय दिला. एकट्या न्यायमूर्ति स्कालिया ह्यांनीं विरुद्ध मत नोंदविलें.

तथापि एक खोल प्रश्न शिल्लकच होता. कोष्टकांतील पायऱ्या ज्या गोष्टींमुळें चढतात त्या खरोखर घडल्या कीं नाहीं, हें कोणीं ठरवावयाचें? पिस्तूल रोखलें होतें काय? माल किती होता? अमेरिकेच्या राज्यघटनेची सहावी दुरुस्ती १७९१ सालापासून अमलांत आहे. तिच्या योगें फौजदारी खटल्यांतील आरोपीस ज्यूरीकडून, म्हणजे सामान्य नागरिकांतून निवडलेल्या पंचांकडून, न्याय मिळण्याचा हक्क आहे. ज्यूरीपुढें गुन्हा शाबीत करावयाचा तर वाजवी शंकेस जागाच उरूं नये इतका भक्कम पुरावा लागतो. परंतु शिक्षेच्या वेळीं पायऱ्या मोजतांना न्यायाधीश एकटाच बसे, आणि त्यास हलकें माप पुरे होई : अमुक गोष्ट न घडण्यापेक्षां घडली असण्याचा संभव अधिक, एवढें वाटलें कीं झालें. पहिल्या मापांत तराजूचें पारडें पार खालीं टेकावें लागतें. दुसऱ्यांत तें केंसभर झुकलें तरी चालतें. आणि ह्या दुसऱ्या मापावर माणसाच्या शिक्षेंत वर्षांमागून वर्षें वाढत असत.

ह्या विसंगतीस पहिला धक्का २००० सालीं बसला. न्यू जर्सी राज्यांत एका गृहस्थानें शेजारीं राहावयास आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबाच्या घरावर गोळ्या झाडल्या. त्याच्या गुन्ह्यास कायद्यानें फार तर १० वर्षें शिक्षा होती. न्यायाधीशानें हें कृत्य वंशद्वेषानें केलें असें स्वतः ठरवून १२ वर्षें दिलीं. 'अप्रेंडी' नांवाच्या ह्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं तत्त्व घालून दिलें कीं, पूर्वींची दोषसिद्धि सोडून जी कोणतीही गोष्ट शिक्षेस कायद्याच्या कमाल मर्यादेपलीकडे नेते, ती ज्यूरीपुढें निःसंशय शाबीत झाली पाहिजे. गोळ्या झाडणाऱ्याविषयीं कोणास सहानुभूति वाटणार नाहीं. परंतु हक्काचें रक्षण बहुधा अशाच अप्रिय माणसांच्या खटल्यांतून होत असतें, हें आमच्या तरुण वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. २००४ सालीं 'ब्लेकली' खटल्यांत हेंच तत्त्व वॉशिंग्टन राज्याच्या शिक्षानियमांस लावण्यांत आलें. तेथें कमाल ५३ महिन्यांची शिक्षा न्यायाधीशानें 'जाणूनबुजून केलेल्या क्रौर्या'च्या कारणास्तव ९० महिने केली होती. ती टिकली नाहीं. आतां सर्वांचे डोळे संघीय कोष्टकाकडे लागले.

तेवढ्यांत विस्कॉन्सिन राज्यांतील बुकर ह्या इसमाचें प्रकरण वर आलें. 'क्रॅक' नांवाच्या कोकेनच्या प्रकाराचा निदान ५० ग्रॅम सांठा विक्रीकरितां बाळगल्याबद्दल ज्यूरीनें त्यास दोषी ठरविलें. ज्यूरीपुढें आलेला पुरावा ९२.५ ग्रॅमचा होता. ज्यूरीच्या निर्णयावरून व त्याच्या पूर्वेतिहासावरून कोष्टकाचें उत्तर २१० ते २६२ महिने येत होतें. परंतु शिक्षेच्या वेळीं न्यायाधीशानें हलक्या मापानें आणखी दोन गोष्टी शाबीत धरल्या : आरोपीनें ह्याशिवाय ५६६ ग्रॅम क्रॅक विकलें होतें, आणि त्यानें न्यायाच्या कामांत अडथळा आणला होता. ह्या दोन गोष्टींमुळें उत्तर ३६० महिने ते आजन्म कारावास असें झालें, आणि त्यास ३६० महिने, म्हणजे ३० वर्षें, शिक्षा मिळाली. ज्यूरीनें जें ठरविलें त्यावर अधिकांत अधिक २१ वर्षें १० महिने; त्यावरील आठ वर्षें दोन महिने ज्यूरीनें कधीं विचारांतही न घेतलेल्या गोष्टींबद्दल!

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दोन भागांत आहे, आणि दोन्ही भागांत मतें पांच विरुद्ध चार पडलीं. पहिला भाग न्यायमूर्ति स्टीव्हन्स ह्यांनीं लिहिला. त्यांत सांगितलें कीं, नियम बंधनकारक असल्यामुळें त्यांची कमाल मर्यादा ही कायद्याचीच मर्यादा होय. न्यायाधीशानें एकट्यानें ठरविलेल्या गोष्टींवरून ती ओलांडणें म्हणजे आरोपीचा ज्यूरीचा हक्क हिरावणें होय. दुसरा भाग उपायाचा. तो न्यायमूर्ति ब्रेयर ह्यांनीं लिहिला. हे ब्रेयर पूर्वीं स्वतःच पहिल्या शिक्षा-आयोगाचे सभासद होते. त्यांच्यापुढें दोन मार्ग होते. एक, कोष्टकांतील प्रत्येक पायरीची गोष्ट ज्यूरीपुढें शाबीत करावयास लावणें. दुसरा, नियमांतील बंधनच काढून टाकणें. त्यांनीं दुसरा मार्ग पत्करला. कायद्यांतील दोन कलमें छाटून टाकण्यांत आलीं, आणि नियम केवळ सल्लावजा उरले. गमतीची गोष्ट अशी कीं, पहिल्या भागाच्या बाजूचे चौघे दुसऱ्या भागाच्या विरुद्ध होते, आणि दुसऱ्याच्या बाजूचे चौघे पहिल्याच्या विरुद्ध. न्यायमूर्ति गिन्सबर्ग ह्या एकट्याच दोन्ही बाजूंस होत्या. त्यांच्या एका मतानें दोन्ही बहुमतें झालीं.

येथें चाणाक्ष वाचक थबकेल. तक्रार होती ती न्यायाधीश एकटाच फार कांहीं ठरवितो अशी. आणि उपाय केला तो न्यायाधीशास अधिक मोकळीक देण्याचा! हें कसें? उत्तर असें : नियम बंधनकारक असतांना '५६६ ग्रॅम' ही गोष्ट ठरतांच शिक्षा कायद्यानेंच वाढे, ती गोष्ट जणूं वेगळ्या व मोठ्या गुन्ह्याचा भागच होई, आणि गुन्ह्याचा भाग ज्यूरीनेंच ठरविला पाहिजे. नियम सल्लावजा झाले म्हणजे तीच गोष्ट न्यायाधीशाच्या सारासार विचारांतील एक वजन एवढीच राहते. तिच्यामुळें शिक्षा वाढविलीच पाहिजे असें नाहीं. हा युक्तिवाद सर्वांस पटला नाहीं. स्वतः स्टीव्हन्स ह्यांस हा उपाय मान्य नव्हता, आणि आजही पुष्कळ कायदेपंडित त्यावर वाद घालतात.

तेव्हांपासून संघीय न्यायाधीशाचें काम तीन पायऱ्यांचें झालें आहे. प्रथम कोष्टकाचा हिशेब बिनचूक करावयाचा. मग गुन्ह्याचें स्वरूप, गुन्हेगाराचें चरित्र, लोकांचें संरक्षण व इतरांशीं समानता ह्यांचा विचार करून, हेतु साधण्यास पुरेशी पण त्याहून अधिक नाहीं अशी शिक्षा ठरवावयाची. शेवटीं कारणें सांगावयाचीं. वरिष्ठ न्यायालय पाहतें तें एवढेंच कीं, शिक्षा वाजवी आहे काय.

ह्या मोकळिकीचा अर्थ १० डिसेंबर २००७ रोजीं दिलेल्या दोन निकालांनीं स्पष्ट झाला. पहिला 'किम्ब्रो' खटला. १९८६ सालच्या कायद्यानें ५ ग्रॅम क्रॅकला जी किमान पांच वर्षांची शिक्षा ठेविली होती, तीच कोकेनच्या पुडीला ५०० ग्रॅमला होती. एकास शंभर हें प्रमाण. द्रव्य मुळांत एकच. परंतु क्रॅकच्या खटल्यांतील बहुसंख्य आरोपी कृष्णवर्णीय असत. आयोगाचे नियमही ह्याच प्रमाणावर उभारलेले होते. नियमांतील हें प्रमाण अन्यायाचें वाटल्यास न्यायाधीश त्याहून कमी शिक्षा देऊं शकतो, असें न्यायालयानें सांगितलें. पुढें २०१० सालीं कायदेमंडळानेंच तें प्रमाण एकास अठरावर आणलें.

दुसरा 'गॉल' खटला आमच्या विद्यार्थ्यांनीं विशेष लक्षांत घ्यावा. आयोवा विद्यापीठांतील एक विद्यार्थी मादक गोळ्या विकणाऱ्या टोळींत सामील झाला. सुमारें सात महिन्यांनीं त्यानें आपण होऊन ती संगत सोडली, पदवी घेतली, आणि तो प्रामाणिकपणें उद्योगधंदा करूं लागला. पुढें सरकारी अधिकारी चौकशीस आले तेव्हां त्यानें सर्व कबूल केलें, आणि खटला होतांच तो आपण होऊन हजर झाला. कोष्टकाचें उत्तर ३० ते ३७ महिने कारावास असें होतें. न्यायाधीशानें त्यास तुरुंगांत न धाडतां ३६ महिने सरकारी देखरेखीखाली मोकळें ठेविलें. अपीलाच्या न्यायालयानें ही शिक्षा रद्द केली. सर्वोच्च न्यायालयानें सात विरुद्ध दोन मतांनीं ती योग्य ठरविली.

उधळ्या पुत्राची गोष्ट आमच्या शाळेंत सर्वांस ठाऊक आहे. परत आलेल्या धाकट्यास बाप पोटाशीं धरतो, ह्याचें आपणांस कौतुक वाटतें. परंतु शेतांतून आलेल्या थोरल्या भावाची तक्रारही आपण ऐकलेली आहे. कोष्टक ही त्या थोरल्या भावाची बाजू आहे. गॉल खटल्यांतील न्यायाधीशानें घेतली ती बापाची. थोरल्याच्या तक्रारींत तथ्य नाहीं असें नव्हे. आयोगानें २०१९ सालीं ३० शहरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २००५ नंतर बहुतेक शहरांत एकाच न्यायगृहांतील न्यायाधीशांच्या शिक्षांमधील अंतर वाढलें, असें त्यांत दिसून आलें. म्हणजे फ्रँकेल ह्यांची जुनी भीति पुरती गेलेली नाहीं. मोकळिकीची किंमत ती हीच.

आपल्या देशांत असा आयोग नाहीं व असें कोष्टकही नाहीं. १९७३ च्या फौजदारी संहितेनें ज्यूरीची पद्धत संपविली. पण तिनेंच एक मोलाचा नियम घातला कीं, गुन्हा शाबीत झाल्यावर शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीचें म्हणणें वेगळें ऐकून घ्यावें. नव्या संहितेंतही तो कायम आहे. १९८० सालीं 'बच्चन सिंग' खटल्यांत आपल्या सर्वोच्च न्यायालयानें देहान्ताची शिक्षा विरळांतील विरळ प्रसंगींच द्यावी असें सांगितलें, परंतु त्या प्रसंगांची पक्की यादी करण्याचें नाकारलें. कारण माणसांचे प्रसंग यादींत मावत नाहींत. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेनें कांहीं लहान गुन्ह्यांस समाजसेवेची शिक्षाही ठेविली आहे. मोकळीक आपल्याकडे पुष्कळ आहे. समानतेचा पाय कसा टेकवावा, हा प्रश्न आपल्यापुढेंही उभा आहे.

आमच्या वाचकांपैकीं थोडेच पुढें न्यायासनावर बसतील. परंतु बहुतेक सर्व आईबाप होतील, कांहीं शिक्षक होतील, कांहींच्या हाताखालीं माणसें काम करतील. आणि शिक्षेचें लहानसें माप प्रत्येकाच्या हातीं येईलच. त्या वेळीं बुकर खटल्यांतून निघणाऱ्या तीन गोष्टी आठवाव्या. ज्या गोष्टीबद्दल शिक्षा करावयाची ती घडली ह्याची आधीं पुरी खात्री करावी. संशयावर दोष वाढवूं नये. त्याच अपराधास काल आपण काय केलें, हें स्मरावें. आणि ज्यास शिक्षा झाली त्यास तिचें कारण समजेल अशा शब्दांत सांगावें. आज घरांत किंवा वर्गांत ज्यांच्या हातीं हें माप आहे, त्यांसही आमची हीच विनंती आहे.